संगणकावरील सरस्वती पुसण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा व्यवस्थापक,
रब्बी बियाणे वाटप योजना, हिंगोली

विषय : एक कळ दाबू देणेबाबत.
संदर्भ : दसऱ्यापासून बियाणे उचलण्याचा एकही परवाना का छापला नाही, ही आपली नोटीस.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी डोंगरकडा केंद्रावर रोजंदारीने संगणक चालवतो. दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढतात, तशी संगणकावर काढ, असे वरिष्ठ लिपिक श्री. तातेराव यांनी सांगितले. काळ्या पडद्यावर एकाचा आकडा अरुंद आणि रिकामी जागा रुंद पडत असल्याने देवी एका अंगाला कलंडत होती. म्हणून मी सगळ्या अक्षरांची रुंदी सारखी असलेला फॉन्ट बसवला, ओळींमधले अंतर कमी केले, तेव्हा कुठे बाईसाहेब सरळ बसल्या. माझी चूक एवढीच की त्या फार छान बसल्या.

तातेरावांनी पडद्याच्या काचेला हळदकुंकू लावले. अक्षता कळफलकात गेल्या, त्यातल्या काही अजून निघतच आहेत. आता परवान्याचा तक्ता उघडायला एक कळ दाबावी लागते आणि ती दाबली की देवी पुसली जाते. तातेराव म्हणतात, "मांडलेली पूजा मोडायची न्हाई. पूजेपासून लाईट गेली का एकदा तरी?" खरेच गेलेली नाही. त्यामुळे बाहेरगावचे लोकही दर्शनाला येतात, नारळ फोडतात आणि बियाणे न घेता प्रसाद घेऊन जातात. चित्र मी जतन करून ठेवले आहे, हे मी गळ्याशपथ सांगितले. त्यावर, देवी काय कपाटात ठेवायची वस्तू आहे का, असे मलाच सुनावण्यात आले.

काल माझी आई भिकाबाई तांड्यावरून हरभऱ्याचे बियाणे न्यायला आली. दिवसभर रांगेत उभी राहिली. जाताना पडद्याला हात जोडले आणि मला म्हणाली, "पाटी पुसल्याबिगर पुढचं कसं लिहित्यात रे लेकरा?" महोदय, मला लाज वाटली. रानातली ओल उडून चालली आहे आणि माणसे रिकाम्या पिशव्या घेऊन घरी जात आहेत.

तरी कळ दाबण्याचा लेखी हुकूम आजच द्यावा. तो न आल्यास उद्या केंद्र उघडताच ती मीच दाबीन. मग कामावरून काढले तरी तक्रार नाही. देवी मला पुन्हा काढता येते, ओल आणता येत नाही.

आपल्या हुकमाच्या वाटेवर बसलेला,
आपला नम्र,
देविदास फुलसिंग राठोड
डोंगरकडा, ता. कळमनुरी
दि. २४ ऑक्टोबर २००२

सोबत : कळफलकातून निघालेल्या अक्षता, पुडीत.