पंधरा दिवस मोज, मग ये

प्रिय गिरधर यास धुळ्याहून पितांबरचा सप्रेम नमस्कार.

पाचवीत कविता म्हणताना तू बाकावर बोटांनी धरायचास तो ठेका सकाळपासून कानात वाजतो आहे. सगळा वर्ग पुढे जायचा, तू एक ओळ मागे. शेवटची ओळ कायम तुझ्या एकट्याची. गुडघे कसे आहेत? कुंदावहिनींची साखर? (गूळ तू चोरून खातोस आणि तपासायला त्यांना पाठवतोस, हे मला ठाऊक आहे.)

माझं म्हणशील तर रक्ताच्या कॅन्सरचं केमो चालू आहे. केस गेले, होतेच किती! मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी फ्लूची लस दिली आणि माझ्याकडून गाढवपणा झाला. बठ्ठ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं, लस झाली, आता खुशाल भेटायला या. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे काय, ते तू जाणतोस. शिंदखेड्याहून अख्खी जीप आली : चौदा माणसं, पाच डझन केळी. मोतीलालमामा उशाशी बसून सात वेळा शिंकले आणि मग लसीचे फायदे सांगू लागले. मी चार दिवस दवाखान्यात.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, लस म्हणजे मास्तर. धडा उत्तम शिकवते, पण औषधांमुळे तुमच्या वर्गातली निम्मी पोरं गैरहजर आहेत. थोडंफार रक्षण होतं म्हणून घ्यायचीच. पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहायचं नाही, जवळ येणाऱ्यांनीही टोचून घ्यायचं. तेव्हापासून सून कामिनी फाटकात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याला लसीचा कागद मागते. (मामांनी रेशनकार्ड दाखवून पाहिलं.)

त्यामुळे घर फार शांत आहे. कविता मी एकटाच म्हणतो आणि शेवटच्या ओळीआधी उगाच थांबतो.

असो. तू येऊ नकोस. चाळीसगावहून बसची दगदग. मी मजेत आहे.

तुझा,
पितांबर

ता.क. वरचं खोटं आहे. ये. लस घे, पंधरा दिवस मोज, मग ये. सुईला तू भितोस (शाळेत टोचणारे आले तेव्हा खिडकीतून उडी कोणी मारली?), तरी घे. पुढचं केमो मोठं आहे; नंतर दोन महिने कुणालाच भेटू देणार नाहीत. आणि या वयात दोन महिने मी नक्की धरत नाही.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो, तर फाटकात कुंदावहिनी! तोंडाला मास्क, हातात कागद, तारीख सतरा दिवसांपूर्वीची. (लसीचा नियम कामिनीने त्यांना फोनवर आधीच कळवला होता म्हणे.) तुला माहेरी जाते म्हणून सांगून निघाल्यात. कामिनीच्या खांद्यावरून तुझ्याबद्दल मला म्हणतात, "भाऊ, त्या तीन येळा दवाखानाना दारथीन माघारी फिरी उनात. म्हनीसन मी लस लिधी. घरमा येऊ का?"