गंजलेल्या पट्टीवरचा अंगठा

बझांसों, रविवार, १८ नोव्हेंबर १८३८

प्रिय देझिरेदादा,

तू बरा असशील अशी आशा. मार्सेयला निदान ऊन तरी असेल; इथं नदीवरचं धुकं हटत नाही. आत्याची मक्याची पेज अजून रोज करपते. बाबांना मोतीबिंदू झालाय. चाकाचे दात बोटांनी मोजतात आणि चुकलं की चाकालाच शिव्या घालतात.

एक डिसेंबरला, आपल्या कारागिरांच्या संत एल्वाच्या सणाला, गावातले सगळे घड्याळजी आपल्याकडे जेवायला येतील. त्यांच्यासमोर बाबा कारखाना माझ्या हाती देणार होते. शुक्रवारी माझ्या नावाची पहिली तबकडी बनून आली. ती पाहून मला घाम फुटला.

अकरा वर्षं तुला पत्र नाही. कामातून सवड होत नाही, असं आत्याला सांगत आलो. खोटं होतं ते.

जहाजाची वाट मोजायला आपण बनवलेलं कप्तानाचं घड्याळ समुद्रावर बंद पडून परत आलं, तो दिवस तू विसरला नसशील. बाबांनी ते उघडलं. आतल्या पोलादी पट्टीला बोटाच्या ठशासारखा गंज चढलेला. कुणीतरी ती नुसत्या बोटांनी धरली होती. तुझ्या तळव्यांना घाम सुटतो हे सगळ्यांना ठाऊक. बाबांनी पट्टी धड पाहिलीसुद्धा नाही, तुझ्याकडे पाहिलं.

"अशा हातांनी माणसं बुडतील. उद्यापासून हत्याराला शिवायचं नाही!"

"मी हात लावलाच नाही," तू म्हणालास. मी शेजारी मान खाली घालून कानस घासत राहिलो.

तू घर सोडून गेल्यावर ती पट्टी मी कचऱ्यातून उचलली आणि भिंगाखाली धरली. गंजाच्या ठशात एक आडवी रेघ कोरी होती. माझ्या उजव्या अंगठ्यावर करवतीचा व्रण आहे ना, नेमकी तशी.

आज चर्चमधून आल्यावर ती बाबांसमोर ठेवली.

"मला दिसत नाही, गाढवा."

"मग चाचपा."

सगळं सांगितलं. त्यांनी गंजावरून बोट फिरवलं, मग माझ्या अंगठ्यावरून.

"तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

"भ्यायलो."

"मला तर तेव्हा चांगलं दिसत होतं," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले.

तबकडी मी परत पाठवतोय. एक तारखेला सगळ्यांसमोर ती पट्टी काढणार आहे. बाबा म्हणाले, मी सांगतो. मी म्हटलं, नाही, हे माझ्याच तोंडून निघायला हवं. तू आल्याशिवाय कारखान्याच्या मालकीचा विषय काढायचा नाही, हेही ठरलंय. खिडकीपाशचं तुझं मेज मी रिकामं केलं.

घामाचं म्हणशील, तर त्यानं गंज चढेल या भीतीनं तू पोलाद कायम चिमट्यानंच धरायचास. बेफिकीर मी होतो.

नाताळपर्यंत तू आला नाहीस, तर मीच मार्सेयला येऊन तुझ्या दारात उभा राहीन. तू दार लावून घेतलंस तरी हलणार नाही.

पट्टी नुसत्या हातानं धरणारा,
तुझा धाकटा भाऊ
फेरेओल