एकवीस डबे आणि एक गोल शिक्का

प्रति,
मा. अधीक्षक,
हरित लघुउद्योग प्रोत्साहन कक्ष,
नागपूर.

विषय : आपल्या कार्यालयाने नेलेले स्टीलचे एकवीस डबे परत मिळणेबाबत आणि आमच्याकडे राहिलेला आपला गोल शिक्का परत घेणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. ३० जुलै २०२५ चे पत्र (बिनशिक्क्याचे).
२) याच विषयावरील आमचे आधीचे तीन अर्ज (पोच मिळालेली नाही).

महोदय,

१. मी, सौ. गोपिका ताराचंद ढोमणे, लकडगंज येथील लाकूड बाजारामागच्या गाळ्यात अन्नदा महिला बचत गटाची खानावळ चालवते. सोबत रुखमाबाई आणि काजल अशा दोघी आहेत. लाकूड कापायच्या आरामशीनवरचे कामगार, हमाल आणि आसपासच्या पेढ्यांवरचे मुनीम आमच्याकडे जेवतात, पुष्कळ जण डबा घेऊन जातात. गेल्या चार वर्षांत आमच्या गाळ्यातून प्लास्टिकची एक पिशवी बाहेर गेलेली नाही. हे आम्ही पर्यावरणाच्या प्रेमापोटी सुरू केले असे आपल्या पुस्तिकेत छापले आहे, ते तितके खरे नाही. मागची नाली पिशव्यांनी तुंबायची आणि ते पाणी पिठाच्या कोठीत शिरायचे, म्हणून सुरू केले. पुस्तिकेतला फोटो मात्र चांगला आला आहे, त्याबद्दल आभार.

२. आमची पद्धत अशी. डबा स्टीलचा मिळतो. नेणाऱ्याने त्याबदल्यात आपली कामाची एखादी वस्तू ठेवून जायची, डबा आणला की वस्तू न्यायची. पैसे ठेवून घेत नाही, कारण पैसे ठेवले की लोक डबा विकत घेतल्यासारखा घरी ठेवून देतात. हेल्मेट, चष्मा, छत्री, गाडीची कागदपत्रे असे काहीही चालते. एका मुनीमजींनी एकदा वरची कवळी ठेवली होती, ते अर्ध्या तासात डबा घेऊन आले. ठेवलेली वस्तू गटातल्या कोणीही वापरायची नाही, हा रुखमाबाईंचा नियम आहे. भर पावसात आम्ही भिजत घरी गेलो आहोत, पण खुंटीवरच्या छत्रीला हात लावलेला नाही.

३. डबे बाजारातून आणलेले नाहीत. तिघींच्या घरातले, आहेराचे आणि रुखवताचे आहेत. प्रत्येकावर नाव घातलेले आहे. माझ्या आईचा एक आहे, त्यावर 'सुमती, नरखेड' असे आहे. आई आता नाही. हा मुद्दा अर्जात बसत नाही हे मला कळते, तरी लिहिला आहे.

४. दिनांक ५ जून रोजी, पर्यावरण दिनी, आपल्या कक्षाने सभागृहात कार्यक्रम घेऊन आमच्या गटास 'हरित उद्योगिनी' म्हणून गौरवले. साहेबलोकांचे जेवण आमच्याकडूनच मागवले होते. आपण स्वतः पाटवडीचा रस्सा दोनदा घेतला होता, कदाचित आठवत असेल. डबे न्यायला आपले शिपाई श्री. अनंत हे गाळ्यावर आले. काजलने रीतीप्रमाणे वस्तू मागितली. ते म्हणाले, "मोबाईल नाही ठेवत बाई, घरून फोन येऊन राहिला." मग त्यांनी खिशातून डबी काढून आपल्या कार्यालयाचा गोल शिक्का ठेवला आणि म्हणाले, "हे घ्या. याच्याशिवाय आमच्या हापिसात पान हलत नाही. जेवणं झाले का आणतोच डबे." आम्ही तिघी मूर्ख, आम्हाला ते मोठे भरवशाचे वाटले. शिक्का फडक्यात बांधून हेल्मेटांच्या शेजारी खुंटीला लावला आणि डब्यांत पाटवडी भरायला लागलो.

५. श्री. अनंत परत आले नाहीत. ते दुसऱ्याच दिवसापासून रजेवर गेले, ३० जूनला सेवानिवृत्त झाले व मुलाकडे गेले, असे समजते. प्रमाणपत्रांवर शिक्का त्याच दिवशी यादीप्रमाणे मारत होते आणि आमचा सत्कार यादीत शेवटी होता. तोवर शिक्का आमच्या खुंटीवर आलेला, त्यामुळे आम्हाला मिळालेले प्रमाणपत्रही बिनशिक्क्याचेच राहिले.

६. जून महिन्यात मी डब्यांसाठी आपल्या कार्यालयात पाच वेळा आले. डबे हरवलेले नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एका डब्यात टाचण्या आहेत. दोन डबे एसीच्या गळणाऱ्या पाण्याखाली आहेत. एकात मनीप्लँट लावला आहे, तो जोमात आहे. बाकीचे कपाटावर ओळीने ठेवले आहेत. आईचा डबा आवक टेबलावर असून त्यात शिक्क्याची शाईची गादी ठेवलेली आहे. मी तो उचलायला गेले तेव्हा आवक लिपिकांनी सांगितले की सदर डबे जडवस्तू नोंदवहीत 'कार्यक्रमात प्राप्त' म्हणून चढले आहेत आणि प्रत्येकावर लाल रंगाने क्रमांक पडला आहे. एकदा चढलेली वस्तू निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे नोंदीतून रीतसर काढल्याशिवाय, बाहेर जात नाही, आणि निर्लेखनासाठी ती निकामी झालेली असावी लागते. मी विचारले, निकामी होईपर्यंत थांबू की हातोडी आणू? यावर त्यांनी मला उद्धट म्हटले. तेवढे उद्धट बोलल्याबद्दल मी या अर्जाद्वारे क्षमा मागते.

७. तेव्हा मी ठरवले की डबे राहू द्या, निदान दुसऱ्याची वस्तू परत करावी. २ जुलै रोजी शिक्का पदरात बांधून नेला. तो घेण्यास नकार मिळाला. कारण नोंदीप्रमाणे शिक्का कपाटात कुलपात आहे. बाहेरून आलेला शिक्का घेतला तर तो बाहेर गेला होता असे होईल, आणि मग चौकशी लागेल. लिपिक माणूस वाईट नाही. त्यांनी मला पाणी दिले, आवाज खाली करून म्हणाले, "ताई, मले निवृत्तीले अकरा महिने राहिले. तुमच्या पाया पडतो, हे घरी घेऊन जा." मी परत आणला. ५ जूनपासून कार्यालयाची सगळी पत्रे बिनशिक्क्याची निघत आहेत, हे आपल्या लक्षात आले असेलच.

८. दि. १५ जुलैला आपले तपासनीस गाळ्यावर आले. 'हरित' गटांसाठी राखीव असलेला हा गाळा टिकवायचा तर वीस डबे जागेवर दिसले पाहिजेत आणि प्रमाणपत्र शिक्क्याचे पाहिजे. त्या दिवशी गाळ्यात चार डबे होते, बाकीचे गिऱ्हाइकांकडे. तपासनिसांनी शेरा लिहिला, 'पुनर्वापराची भांडी अपुरी, पर्यावरणस्नेही वर्तनात घट.' संदर्भीय पत्रानुसार २५ ऑगस्ट रोजी पुन्हा तपासणी आहे. त्यात कमी पडलो तर गाळा जाईल. रुखमाबाईंचे वय एकसष्ट आहे, त्यांना दुसरीकडे कोणी उभे करणार नाही. काजलचे लेकरू याच गाळ्याच्या मागच्या शाळेत आहे. माझे म्हणाल तर मला स्वयंपाकाशिवाय काही येत नाही.

९. एक गोष्ट लपवून ठेवणे बरे वाटत नाही. गेल्या आठवड्यात आरामशीनच्या ऑफिसातून अठरा डब्यांची मागणी आली आणि देण्यास डबे नव्हते. काजल बाहेर गेली आणि प्लास्टिकच्या डब्यांचे एक पुडके घेऊन आली. मी ओरडले नाही. मीसुद्धा तेच मनात आणले होते. शेवटी मागणी परत केली. पुडके खाटेखाली आहे, उघडलेले नाही, रुखमाबाईंना माहीत नाही. गौरव झालेल्या गटाने हे करावे याची लाज वाटते. पण पोळी पदरात बांधून थोडीच देता येते?

१०. प्रमाणपत्रावर आम्हीच शिक्का मारून घ्यावा, असे शेजारच्या दुकानदाराने सुचवले. शिक्का हाताशी, प्रमाणपत्र हाताशी, कोणाला कळणार होते! रुखमाबाई एवढेच म्हणाल्या, "ठेवलेली वस्तू हाय ते. काहून हात लावतं वं?" म्हणून मारला नाही. हा अर्ज लिहितानाही तो समोर खुंटीवर आहे. मागच्या तिन्ही वेळा 'शिक्का सापडत नाही, उद्या या' म्हणून पोच मिळाली नव्हती. म्हणून या वेळी मी शिक्का सोबत आणणार आहे. या अर्जाच्या प्रतीवर आपल्या हाताने उमटवून पोच द्यावी, आणि मूळ प्रमाणपत्रही आणते, त्यावरही आपणच एक उमटवावा.

११. महोदय, डबे कायमचे द्या, अशी विनंती मी आता करत नाही. नोंदवहीपुढे माझे काही चालत नाही हे मला समजले आहे. विनंती एवढीच आहे की दि. २५ ऑगस्टला सकाळी दहा ते दुपारी दोन, फक्त तपासणीपुरते, हे एकवीस डबे आम्हास वापरण्यास द्यावेत. मनीप्लँट आम्ही जपून दुसऱ्या भांड्यात ठेवू. टाचण्या मोजून घेऊ. तपासनीस गेले की डबे घासूनपुसून, लाल क्रमांक न पुसता, जागच्या जागी आणून लावू. शाईची गादी आईच्या डब्यात जशी होती तशी ठेवू.

आमच्या पद्धतीत वस्तू ठेवल्याशिवाय डबा नेता येत नाही, आणि ती पद्धत आम्ही आमच्यासाठी मोडणार नाही. म्हणून ते चार तास आपलाच शिक्का आपल्याकडे ठेवून जाऊ. आमच्याकडे ठेवण्यासारखे दुसरे काही उरलेले नाही.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,

(सही)
सौ. गोपिका ताराचंद ढोमणे
अन्नदा महिला बचत गट, लकडगंज, नागपूर
दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) 'हरित उद्योगिनी' प्रमाणपत्राची प्रत (बिनशिक्क्याची).
२) डब्यांवरील एकवीस नावांची यादी.
३) गोल शिक्का एक, डबीसह (पोच मारून झाल्यावर अर्जदारास परत करावा).