बसलेल्या टाकीखालून

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणजे खरोखरच साष्टांग, फक्त उताणा. (बाबांसाठी घेतलेल्या नव्या पलंगावर पडून, छतावर नजर ठेवून हे पत्र लिहितो आहे. कुठे शाई पसरलेली दिसली तर ते अश्रू समजू नकोस, वरून पडलेलं असेल.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? बाबा नव्या औषधाने अगदी बरे आहेत असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हापासून मला जास्तच काळजी लागली आहे, कारण तू ते फार पटकन म्हणालीस. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, छत सोडून. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्याकडे फोन बाबाच उचलतात.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि बाबा आता माझ्याकडे राहणार हेही ठरलं, त्या दिवसापासून मी मागची खोली त्यांच्यासाठी तयार करतो आहे. भिंतींना रंग दिला, हात पोचेल असा दिवा लावला, पलंग खिडकीशी घेतला. डॉक्टरांनी बजावलंय की त्यांच्या छातीला ओल अजिबात चालायची नाही, म्हणून फरशीसुद्धा पुसून लगेच कोरडी करत होतो. आणि रंग वाळतो न वाळतो तोच छतावर, बरोबर उशीच्या वर, बशीएवढा डाग उमटला. म्हटलं, रंगाचा दोष असेल. पाहता पाहता बशीचं ताट झालं. स्टुलावर चढून हात लावला तर गार आणि ओलं! वर गच्चीत नेमकी त्याच जागी आमच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे.

मी भित्रा माणूस, हे तुला सांगायला नको. तोंडी बोललो तर भांडण होईल म्हणून खालच्या फळ्यावर अत्यंत सभ्य भाषेत लिहिलं, "टाकीच्या कामात कुठेतरी पाणी मुरते आहे. संबंधितांनी लक्ष घालावे." आता तूच सांग, यात काय चुकलं? मुरत होतं ते पाणीच होतं! पण टाकीची डागडुजी आमच्या सेक्रेटरींनी नुकतीच करून घेतलेली, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. संध्याकाळपर्यंत जिन्यात भेटेल तो माझ्या पाठीवर थाप मारून "बरं झालं, कोणीतरी बोललं" म्हणायला लागला. तातडीची सभा भरली. सेक्रेटरी उभे राहिले आणि त्यांनी गच्चीची किल्ली माझ्यासमोर टेबलावर आपटली. मी काकुळतीला येऊन म्हणालो, अहो, पाणी म्हणजे साधं पाणी, ओलं पाणी! लोकांना तो टोमणा वाटला आणि टाळ्या पडल्या. तर तुझा भाऊ आता सेक्रेटरी आहे. (बाबांना एवढं सांगितलंस तरी चालेल, त्यांना बरं वाटेल.)

दुसऱ्या दिवशी प्लंबरला घेऊन गच्चीवर गेलो. तो टाकीभोवती हिंडला, वाकला, खाली हात घातला आणि म्हणाला, "टाकी बसलीय, साहेब." मला वाटलं खचली, आता येते ती थेट पलंगावर. मी तसाच खाली धावलो आणि पलंग भिंतीशी ओढायला लागलो. मागून तो शांतपणे आला आणि त्याने खुलासा केला, की बसलीय म्हणजे सरळ स्लॅबवर बसवलीय. खाली विटांचा ओटा असता तर गळती डोळ्यांना दिसली असती; इथे टाकी खालच्या खाली गळते, कुणाला दिसत नाही आणि स्लॅब मुकाट्याने पाणी पितो. मग टाकी रिकामी करून ओट्यावर चढवायची, चिरा भरायच्या, स्लॅब खडखडीत वाळू द्यायचा आणि मगच वॉटरप्रूफिंग करायचं. ओल्यावर केलं तर ओल आतच कोंडते. हे ऐकून मी इतका घाबरलो की प्लंबरला घेऊन पुन्हा गच्चीवर धावलो आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. आधी सूचना लावायला हवी होती, पण त्या फळ्याचा मी आता धसका घेतलाय. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ डोक्याला साबणाचा फेस घेऊन तणतणत वर आले आणि डोळे मिटलेले असल्यामुळे जे मला बोलायचं ते सगळं प्लंबरला बोलले.

असो. टाकी आता ओट्यावर आहे, गळत नाही. पण स्लॅबने जे पिऊन ठेवलंय ते उतरायला महिना तरी जाईल म्हणतात. मी टेबलफॅन उताणा करून छताकडे लावलाय आणि रोज सकाळी डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढतो. काल डाग रेघेच्या आत होता. आज बाहेर आहे की रेघच चुकली, कळत नाही. ताई, बाबांना इथे आणलं आणि त्यांची छाती पुन्हा भरली, तर मी तुला तोंड कसं दाखवू?

भावोजींना नमस्कार, बाबांच्या पायांवर डोकं ठेवतो.

तुझाच,
धाकटा

ता. क. मुख्य लिहायचं राहिलंच. तुझं ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलता येईल का? गुडघा इतकी वर्षं दुखतोच आहे, तर अजून थोडे दिवस... (हे लिहून माझं मलाच कसंतरी झालं, पण खोडलं तर पानावर डाग पडेल.)

आणखी एक ता. क. हिने पत्र वाचलं. रागावली नाही, नुसतं विचारलं, "आपली झोपायची खोली कोरडी आहे ना?" आहे. ठणठणीत कोरडी आहे, शिवाय उन्हाची आहे. शपथेवर सांगतो, इतके दिवस मी छताकडे टक लावून बसलो होतो, पण बाबांना आपली खोली द्यावी हे मला सुचलं नाही. ऑपरेशन ठरल्या दिवशीच कर. बाबांना न्यायला मी स्वतः येतो. टाकीखाली आम्ही दोघं झोपू.

शेवटचा ता. क. "आम्ही दोघं" हे खोडायला सांगितलंय. रात्री बाबांनी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून ही त्यांच्या दाराबाहेर गादी घालणार आहे. टाकीखाली मी एकटाच.