कव्हर काढणे : पाच मिनिटं

३ मार्च, रविवार

सकाळी तेजूचा फोन. पाडवा झाला की येते म्हणाली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, म्हणजे इथे, कर्जतला. मागून जावयांचा, हर्षदचा आवाज. बाबा, तिकडे उकाडा फार, आणि आता आईही नाहीत, कसं करणार? इथे पनवेलला एसी तरी आहे.

म्हटलं, आमच्याकडे कूलर आहे. आणि मी आहे. साजगावच्या कंपनीत उभा जन्म मेंटेनन्समध्ये गेला माझा. बॉयलर सांभाळले. बाळंतिणीची एक खोली गार ठेवता येणार नाही?

संध्या दिवाळीनंतर गेली, तेव्हापासून सगळे माझ्याशी असेच बोलतात. जसा काही मी घरातला पाहुणा.

लगेच प्लॅन केला. कंपनीतल्या शटडाऊनसारखा. येत्या रविवारी आठला काम सुरू. कव्हर काढणे : पाच मिनिटं. मग जाळ्यांमधलं गवत बदलणे, टाकी घासणे, क्षार काढणे, मोटरला तेल, पंप चेक, ट्रायल. बाराला जेवण.

सर्व्हिसिंग दर वर्षी मीच करतो. संध्या फक्त जाळ्या उतरवायची, टाकी घासायची, गवत भरायची आणि पाणी ओतायची. टेक्निकल बाजू पूर्ण माझी. स्विच मी लावायचो.

१० मार्च

काम सुरू नाही. आधी मटेरियल हवं, मग शटडाऊन. नियम आहे.

धनेशच्या दुकानात गेलो. गवत, नवा पंप, नवा फ्लोट, टाकीला लावायला काळा रंग. जाळीचं माप विचारलं त्याने. माप कव्हरच्या आत. हाताने दाखवलं, एवढी. तो म्हणाला, काका, आधी खोलून तर बघा, चालू असंल तर उगा कशाला सगलं नवीन? पोरगा आहे. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स त्याच्या बापाला तरी माहीत होतं का!

१७ मार्च

आज इन्स्पेक्शन.

कव्हर म्हणजे संध्याची जुनी अबोली रंगाची सुती साडी. मागच्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, तिनेच गुंडाळलेली. पडवीत खिडकीला कूलर, त्याच्याभोवती साडीचे दोन वेढे, आणि मागे भिंतीच्या बाजूला दोन गाठी. टॉर्च घेऊन बघितलं. निरगाठी. दोन्ही. पावसाळाभर ओल खाल्लेली, नंतर ऊन. सुती कापड आवळतं. पूर्ण जाम.

हात लावून बघितलं नाही. अनुभवी माणसाला लांबून कळतं.

कात्री चालणार नाही. दोन वर्षांमागे वेळ वाचावा म्हणून मी अशीच एक साडी कापून कव्हर काढलं होतं, तर संध्या दिवसभर बोलत होती. मग बोलायची थांबली, ते जास्त वाईट. गाठ सोडायला मारतात, कापायला नाही, म्हणाली होती.

तिच्या बाकीच्या साड्या जानेवारीतच वाटून टाकल्या. कंपनीत याला फाइव्ह एस म्हणायचो. वापरात नाही ते ठेवायचं नाही. इतक्या लवकर? असं तिच्या बहिणींनी विचारलं. म्हटलं, सिस्टिम म्हणजे सिस्टिम. कपाट लख्ख झालं. उघडत नाही मी ते फारसं.

कूलरचं काम पेंडिंग. टेक्निकल कारण.

२५ मार्च, धुळवड

यंदा आमच्याकडे सण नाही, म्हणून शेजारच्या गोदावहिनींनी पोळ्या आणून दिल्या. पडवीतून आल्या. म्हणाल्या, भावजी, अजून बांदूनच हाय? सरा तिकडं, मी सोडते. सरळ हात घातला. मी आडवा आलो. इलेक्ट्रिकल इक्विपमेंट आहे म्हटलं, अनट्रेन्ड माणसाने हात लावायचा नाही.

त्या म्हणाल्या, प्लग तर काडलेला हाय, करंट काय साडीतून येतोय? वैनी बांदत होती तवा स्टूल मीच धरलेला. कशी बांदली ते सांगते ना, ऐका तरी.

ऐकलं नाही. तोंडी माहितीवर मेंटेनन्स चालत नाही. मग त्या साडीकडे बघत राहिल्या आणि पदराने डोळे पुसले. मी कुकर बघायला आत गेलो. कुकर लावलेला नव्हता.

९ एप्रिल, पाडवा

गुढी नाही.

तेजूने विचारलं, बाबा, कूलर झाला का? म्हटलं, फक्त ट्रायल बाकी आहे. हे टेक्निकली बरोबर आहे. ट्रायल बाकीच आहे.

पडवीत पंप, फ्लोट, गवत, रंग, ब्रश, पान्हे, सगळं ओळीने मांडलं. कोणी ऑडिटला आलं तर शंभरपैकी शंभर. आतल्या खोलीत तेजूसाठी कॉट घातली, खिडकीसमोर. चादर नवी.

येत्या रविवारी नक्की.

१८ एप्रिल

मोबाइल त्रेचाळीस दाखवतोय. पत्रे वाजतात दुपारी. मी फरशीवर आडवा होतो, अंगावर ओला पंचा, वर पंखा. तत्त्व कूलरचंच आहे. म्हणजे पाहिलं तर मी कूलर वापरतोच आहे.

गेल्या रविवारी काम झालं नाही. स्टूल डुगडुगत होतं. सेफ्टी फर्स्ट.

२१ एप्रिल, रविवार

तेजू आणि हर्षद आले. मोठी बॅग घेऊन. पोर गोल झालीय. हसली की तंतोतंत संध्या.

मी चहा टाकायला गेलो तोवर ती पडवीत. बाबा, हा अजून बांधलेलाच? म्हणाली, आणि गाठीकडे हात नेला. मी ओरडलो. चालू पॅनलजवळ कोणी गेलं की कंपनीत ओरडायचो तसा. इतका मोठा आवाज कुठून आला, मला माहीत नाही. गोदावहिनी त्यांच्या अंगणातून धावत आल्या, काय झालं वो म्हणत.

तेजूने हात मागे घेतला. मग साडीवरून एकदा सावकाश फिरवला आणि आत जाऊन बसली.

दुपारी तिचे पाय सुजले. हर्षद वर्तमानपत्राने वारा घालत होता. तेजू मला एकदाच म्हणाली, बाबा, तुम्ही नाही सोडणार ती गाठ, हो ना? म्हटलं, सोडणार नाही कसा, मटेरियल आणून ठेवलंय, बघ.

ऊन उतरल्यावर निघाले. डॉक्टर पनवेलचेच बरे, म्हणाली. योग्य निर्णय. मेडिकल कारण आहे. मीच सुचवणार होतो.

२२ एप्रिल

तिची बॅग इथेच राहिली असं वाटून सगळीकडे बघितली. नाही. घेऊन गेली.

५ मे

हवेत दमटपणा आला. दमट हवेत कूलर काम करत नाही, उलट चिकचिक वाढते. कोणत्याही पुस्तकात आहे. म्हणजे घाईघाईने उघडला असता तर मेहनत वाया गेली असती. थांबलो ते बरंच झालं.

धनेश गवत परत घेत नाही. म्हणाला, काका, पावती दोन महिन्यांची झाली. उद्धट आहे.

कॉटवरची चादर काढायची राहिलीय.

२० मे

तेजूचा फोन. बाळाच्या दुपट्यासाठी आईची एक सुती साडी हवी. सासूबाई त्यांची देतायत, पण बाळाला पहिलं दुपटं आईकडच्या आजीच्या साडीचं हवं, आईने माझ्यासाठी तिच्या आईची ठेवली होती ना. एखादी जुनी, मऊ झालेली. बाबा, द्याल ना?

म्हटलं, एक कशाला, चार आणतो.

कपाट उघडलं. लख्ख.

दिलेल्या साड्या परत कशा मागायच्या? घरात सुती साडी शिल्लक नाही. कूलरवर आहे ते कव्हर आहे. इक्विपमेंटमध्ये मोडतं. कपड्यांत नाही.

२ जून, रविवार

सकाळी हर्षदचा फोन. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. तेजूने फोन घेतला, आवाज ओढलेला. बाबा, बघायला या. आणि साडी?

म्हटलं, आणतोय.

दुपारी पडवीत गेलो. पक्कड घेतली, दाभण घेतलं, तेल घेतलं. स्टूल भिंतीला टेकवून चढलो. गाठीचं एक टोक चिमटीत धरलं आणि नुसतं ओढलं, किती जाम आहे ते बघायला.

सुटली.

दुसरीही सुटली. पक्कड हातातच. सुरगाठी होत्या. दोन्ही सुरगाठी. मी पुन्हा कात्री लावीन हे तिला माहीत होतं, म्हणून तिने अशा मारल्या होत्या की ओढलं की सुटाव्यात. माझ्यासाठी मारल्या होत्या.

स्टुलावरच बसलो आणि रडलो. इथे कोण वाचतंय. मोठ्याने रडलो. संध्या, सांगायचं तरी होतंस. सांगितलंही असशील. मी टेक्निकल बाजू बघत असेन.

साडी उतरवली. आत टाकी घासलेली, कोरडी. जाळ्या धुऊन, वाळवून परत लावलेल्या, गवत चांगलं. पंप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मोटरखाली ठेवलेला. करायचं काही नव्हतंच. पंप बसवला, दोन बादल्या पाणी ओतलं, स्विच लावला.

पहिल्या फटक्यात चालू. वारा खिडकीतून थेट कॉटवर. चादरीचं टोक हलत होतं.

थोडा वेळ बघितलं आणि बंद केला.

४ जून

काल साडी धुतली. तीनदा. नवजात बाळ म्हणजे स्वच्छता हवी. वर्षभराची धूळ. नीळ घालायची की नाही माहीत नव्हतं, घातली. एका बाजूला निळसर डाग आले, पण आतल्या घडीत जातील.

आज पनवेलला जाऊन आलो. तेजूने साडी हातात घेतली, नाकाला लावली, बराच वेळ. मग म्हणाली, साबणाचाच वास येतोय. मी म्हटलं, हायजीन. 

हर्षदने फाडून दुपटी केली. बाळाला गुंडाळलं. अबोली रंगात इवलंसं तोंड, नाक संध्याचं. माझ्या हातात दिली. धरता येत होती. 

गाठी कशा सुटल्या, असं तेजूने विचारलं नाही. मी सांगणार होतो. पुढच्या वेळी सांगेन.

८ जून

भिवपुरीच्या बाजूने काळं आलंय. कूलर झाकायला हवा.

साडी पनवेलला. माळ्यावर जुना फ्लेक्स होता, कुठल्याशा वाढदिवसाचा, तो गुंडाळला, नायलॉनची दोरी घेतली आणि सुरगाठ मारायला गेलो. निसटली. परत मारली, परत निसटली. माझ्या हाताला निरगाठच येते. कंपनीत सुटणारी गाठ मारली की मेमो मिळायचा.

गोदावहिनींना हाक मारली. म्हटलं, कशी बांधली होती ते सांगत होता ना तुम्ही, आता सांगा. त्या आल्या, दोरी हातात घेतली, दोनदा फिरवून बघितली. म्हणाल्या, आता नाय आठवत वो भावजी. तवा सांगत होती, तवा आठवत होतं.

शेवटी निरगाठ मारली. दोन. घट्ट. पुढच्या मार्चला कात्री लावावी लागेल. लावायची. आता बोलणारं कोणी नाही.