सृष्टीच्या आरंभापासून पार्किंगपर्यंत

सोमवार, ६ जुलै
आजपासून रोज लिहिणार. आमच्या भाषा विभागप्रमुखांची खुर्ची महिनाअखेर रिकामी होतेय आणि तिच्यावर कोण बसणार हे सांगायला ज्योतिषी नको. पुढं कुणाला माझ्या कारकिर्दीचा अभ्यास करावासा वाटला तर साधनं हवीत. ही वही फक्त माझ्यासाठी आहे, तरी अक्षर जपून काढतोय.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं होतं. माहितीपर लेखन नववीला आहेच, तर पालकसभेची माहितीपत्रकं यंदा मुलांकडूनच लिहून घ्या म्हणाल्या. माझ्या 'ब' वर्गाकडे मुख्य पत्रक : सभा कुठे, कधी, गाड्या कुठे लावायच्या. 'अ' वर्गाकडे मागच्या फाटकानं येणाऱ्यांसाठीचं. 'अ'ला शिकवते नवी. यंदाच लागलीय. मागचं फाटक तिच्या वकुबाला शोभेल.

पत्रकं बघून प्रमुखपदाचं ठरवीन, असंही बाई बोलता बोलता म्हणाल्या. म्हणजे ठरलंच!

गुरुवार, ९ जुलै
संकल्प : ओपनिंग पक्कं झाल्याशिवाय पुढं जायचं नाही. पहिल्या वाक्यालाच वाचणारा जागेवर खिळला पाहिजे. आठवड्याचे सगळे तास पहिल्या वाक्याला दिले. 'सृष्टीच्या आरंभापासून' ही सुरुवात मी पुरवली, ती कशालाही चालते. पोरं पेटलीच. एकानं लिहिलं, सृष्टीच्या आरंभापासून मानव आपली सायकल कुठे लावावी या विवंचनेत आहे. अंगावर काटा आला.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, शंकासूर. (नाव मीच ठेवलंय. मनातल्या मनात.) तिनं विचारलं की सर, सायकल कुठे लावायची ते कधी लिहायचं? मी म्हणालो, घाई हा लेखनाचा शत्रू आहे. तिनं पेन खाली ठेवलं. पटलं असणार.

येताना नवीच्या वर्गात डोकावलो. वर्ग रिकामा! सगळी आवारात. एक मूल दुसऱ्यानं लिहिलेला कागद धरून चालतंय, कागदात असेल तेवढंच करतंय आणि भिंतीवर जाऊन आपटतंय. मग लिहिणारा कागद दुरुस्त करतो, बाकीची खिदळतात. याला म्हणे शिकवणं. कीव आली.

मंगळवार, १४ जुलै
पत्रक आज छापायला द्यायचं. मुलांची ओपनिंग्ज एकाहून एक सरस, फक्त त्यापुढं कुणी गेलेलं नाही. दोष वेळापत्रकाचा. त्यात कालचा तास खेळाच्या सरांनी पळवला. शेवटी मीच बसलो आणि सगळी ओपनिंग्ज एका माळेत ओवली. काय उतरलंय! शेवट 'दार म्हणजे नक्की काय?' या प्रश्नावर केलाय.

घरी ही वाचून म्हणाली, छान आहे, पण यायचं कुठे? मी म्हणालो, ते वाचकाला आतून उमगतं. त्यावर, आतून उमगायला माणूस आधी आत यायला नको का, असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली. विज्ञान शाखेची आहे. चालायचंच.

शाळेचे कारकूनही चाचरत म्हणाले की सभेची वेळ राहिलीय, टाकू का? सांगितलं, माझा स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही.

शनिवार, १८ जुलै, सकाळ
आज सभा. इस्त्रीचा कोट. अभिनंदन झालं तर काय बोलायचं ते आरशासमोर बोलून पाहिलं. विनम्र वाटतो.

शनिवार, दुपार
हल्लीच्या पालकांच्या आकलनाबद्दल काय लिहावं? पुढच्या फाटकानं आलेले निम्मे व्यायामशाळेत जाऊन बसले, बाकीचे प्रयोगशाळेत. गाड्या थेट बास्केटबॉलच्या मैदानावर. एक गृहस्थ माझं पत्रक वाचत वाचत मुलींच्या स्वच्छतागृहापाशी पोचले, त्यांना तिथल्या मावशींनी झापलं. कुणाची तरी आजी मला म्हणाली की दार म्हणजे काय ते मला ठाऊक आहे रे बाळा, कुठलं दार तेवढं सांग.

आणि मला सांगता येईना. सभा हॉलमध्ये की ग्रंथालयात, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मागच्या फाटकानं आलेले सगळे वेळेवर ग्रंथालयात. त्यांनीच आपल्या पत्रकाचा फोटो इतरांना पाठवला, तेव्हा कुठे सभा सुरू झाली. असो. सोप्या कामात यश येतंच.

सोमवार, २० जुलै
मोठ्या बाईंनी बोलावलं. ठरवून गेलो होतो की लगेच हो म्हणायचं नाही, थोडे आढेवेढे घ्यायचे. तशी वेळच आली नाही. प्रमुखपद नवीला.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं पत्रक पुढ्यात ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं की वर्गात इतके दिवस काय शिकवलंत? मी पत्रक घडी घालून खिशात ठेवलं.

उद्यापासून नवीच्या तासाला मागं बसायचंय. विभागाला अनुभवी निरीक्षकाची गरज होतीच.

मंगळवार, २१ जुलै
तिसऱ्या तासाला 'अ' वर्गात शेवटच्या बाकावर बसलो. नव्या बाईंनी वर्गापासून पिण्याच्या पाण्याच्या नळापर्यंतची वाट लिहायला सांगितली. मलाही कागद दिला. मी लिहिलं. एक मुलगी माझा कागद घेऊन निघाली आणि जिन्याखाली झाडू ठेवतात तिथे जाऊन उभी राहिली. सगळे हसले. मी पुन्हा लिहिलं. या वेळी ती जिना चढून वर गेली. बाईंनी आणखी एक कागद दिला. मग ती नळापाशी पोचली, पाणी प्यायली आणि येऊन म्हणाली की सर, जमलं.

घरी हिनं विचारलं, कोण झालं प्रमुख. मी म्हणालो, नव्या बाई. मग तिनं विचारलं, वाईट वाटलं का.

हो म्हणालो.