आमच्या दारची बोरिंग

पिंपळटोला, ता. आरमोरी
१२ जानेवारी २०२५

चि. प्रफुल यास मोठेबाबाचे आशीर्वाद.

इथी सगळे बरे. धान घरी आलं, वावरात लाखोळीची डाळ फुलावर आहे. माझी नात दिव्यानी तिसरीत आहे, पण हसताना तोंडावर हात ठेवते. दातावर पिवळे पट्टे आले ना लेकीच्या.

तू रागात असशील. असावंच. दीड वर्षाआधी तू सरकारी पाणी-तपासणीले गावात आला, आमच्या बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं म्हणून तू तिच्या हापशीले 'पेऊ नका'चा लाल रंग मारला, न् मी भर चावडीत म्हटलं, "चार बुकं शिकला न् गावाचं पाणी नासवायले आला!" काऊन बोललो ते आज सांगतो. ती बोरिंग तुझ्या मोठीआईनं, कमळानं, पंचायतीच्या मागं लागून लागून आणली होती. ती वारली न् महिन्याभरात तुझा फ्लोराइडचा आकडा आला. मले वाटलं, पोरगं तिच्यावरच बोट ठेवून राह्यलं. आकडा मी पाह्यलाच नाई रे.

मागच्या महिन्यात गुपचूप बाटली भरून तालुक्याले नेली. पाणी तपासणारी सायमा म्हणजे सायकलवाल्या नवाबभाऊची पोरगी. गावाचं नाव सांगितलं नाई. तरी तुझाच आकडा निघाला! मी चिडलो, "मशीनले आमच्या गावाचं काय कळते?"

पोरगी हसली. "भाऊ, मशीन फक्त किती आहे ते सांगते. कितीवर बस म्हणायचं, ते माणसायनं ठरवलं. लहान लेकरायचे दात, हाडं पाहून ठरवलं."

घरी येताना एसटीत तेच डोक्यात. कमळा असती तं तिनंही आधी लेकरंच पाह्यली असती. म्हणजे तुम्ही दोघं एका बाजूचे, न् मीच पलीकडं.

आता जे टाळून राह्यलो ते लिहितो. तू गेल्यावर तुझ्या लाल रंगावर हिरवा मीच मारला. लोकायले वाटलं, सरकारनं बोरिंग पास केली. दीड वर्ष गाव ते पाणी पेलं. दिव्यानीलेही मीच पाजलं.

परवा ग्रामसभेत उभं राहून कबूल केलं. लय शिव्या खाल्ल्या, खायलेच पाहिजे होत्या. शेजारच्या इतवारीनं आपली विहीर सगळ्यायले मोकळी केली. तिचं पाणी सायमानं तपासलं, चांगलं आहे. पण अर्धं गाव अजून विचारते, "भैयाजी, हे तरी खरं कशावरून?" माझ्या तोंडानं आता पटत नाई.

तू ये बाबा. नुसता कागद देऊन जाऊ नको, आमच्या ओट्यावर बसून लोकायचं ऐक, मंग समजाव. मी तुझ्या बाजूले बसतो.

तुझ्यावर दीड वर्ष उशिरा विश्वास ठेवणारा,
भैयाजी मोठेबाबा